व्हीएचएस कॅप्चरसाठी (म्हणजे जुन्या व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवायला) छोटा पीसी घेताय ना, मग आधी हे वाचा

अरे भाऊ, प्रोसेसरच्या मागे एवढा लागू नकोस. टेपचं पिक्चर पालमध्ये (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, अनकॉम्प्रेस्ड घेतलंस तरी सेकंदाला २१ एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तासाला साधारण ७५ जीबी, आणि हफवाययूव्हीसारखा (HuffYUV) लॉसलेस कोडेक, म्हणजे दर्जा न घालवता फाइल लहान करणारी पद्धत, लावलास की ते निम्म्यावर येतं. साधा चार कोरवाला मिनी पीसीसुद्धा हे आरामात झेपवतो.

खरी भानगड फ्रेम ड्रॉपची, म्हणजे कॅप्चर करताना मधल्या फ्रेम गळण्याची. विंडोज एका एसएसडीवर आणि कॅप्चर दुसऱ्या एसएसडीवर ठेव, आणि कॅप्चर डोंगल (व्हीसीआर पीसीला जोडणारं छोटं यंत्र) थेट मागच्या यूएसबी पोर्टला लाव, हबला अजिबात नको. मी हबला लावायचो, तर बरोबर चाळीस मिनिटांनी आवाज ओठांच्या पुढे पळायला लागायचा, दोन रविवार मी बिचाऱ्या व्हीसीआरलाच शिव्या घालत बसलो होतो.

फॅनलेस पीसी घेतलास तर उत्तमच, पण त्याची बॉडीच हीटसिंक असते, म्हणजे उष्णता तीच बाहेर टाकते, त्यामुळे व्हीसीआरच्या डोक्यावर ठेवू नकोस, दोघं एकमेकांना भाजतील. आणि हो, कॅप्चर चालू असताना वायफाय बंद, अपडेट बंद, स्लीप तर आधी बंद.