चित्रातला 'शोर' मराठीत कसा सांगावा?

इंदूरहून विचारणा आली आहे: रुग्णालयाच्या हिंदी पत्रकात 'कम डोज़ के सीटी स्कैन में शोर बढ़ता है' असं वाक्य आहे. त्याचं मराठी 'गोंगाट वाढतो' चालेल का?

नाही चालणार. वाचणाऱ्याला वाटेल, मशीन जास्त आवाज करणार; एमआरआयची ठकठक ऐकलेल्याला तर नक्कीच. परिभाषेतला 'रव' पाठ्यपुस्तकात ठीक, पण कानाला तोही आवाजच. अँटेनाच्या टीव्हीवरच्या 'मुंग्या' अगदी नेमक्या, पण दवाखान्यात मुंग्या येतात त्या हातापायांना. म्हणून 'दाणे' लिहा: 'चित्र दाणेदार येतं'.

शब्द नेमका हवा, कारण सीटीचं चित्र निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडतं आणि दर वेळी उपाय वेगळा. दाणे येतात ते क्ष-किरण कमी पडल्यामुळे. मात्रा निम्मी केली की ते साधारण १.४ पट होतात, पाव केली की दुप्पट. नुसत्या पाण्याचा स्कॅन काढला तर आकडा सगळीकडे ० हाउन्सफील्ड (सीटीत घनता मोजायचं एकक) यायला हवा. प्रत्यक्षात एका ठिकाणी, समजा, +१२ येतो, शेजारी −९. हा चढउतार म्हणजेच दाणे. १ मिमीऐवजी ४ मिमी जाडीचे छेद पाहिले तर ते निम्म्यावर येतात, मात्र बारीक गाठ त्यात विरून जाते. संगणकाने पुन्हा पुन्हा दुरुस्त करत चित्र घडवलं, तर मात्रा न वाढवताही दाणे कमी होतात. पण जोर जास्त लावला की यकृत प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं आणि फिकट डाग पुसले जातात. टेबलाची उंची चुकून रुग्ण मध्यावर नसला, तरीही दाणे वाढतात, कारण किरणांचा फिल्टर मध्य धरूनच घडवलेला असतो.

'रेघा' वेगळ्या. दोन्ही खांदे आडवे पार करताना किरण फारच थोडे उरतात आणि रेघा उमटतात. छातीच्या स्कॅनला हात डोक्यावर घ्यायला सांगतात ते त्यासाठीही. आणि श्वास सुटला तर चित्र 'हलतं'. तिथे मात्रा वाढवून काही हाती लागत नाही. हिंदीच्या सवयीने इंदुरात या सगळ्याला 'साफ नाही आलं' म्हणून मोकळे होतात. पत्रकात ते टाळा.

पत्रकात 'किरणोत्सर्ग' असेल तर तोही काढा. तो युरेनियमसारख्या पदार्थांचा गुण. सीटीत बटण बंद की किरण बंद. नुसतं 'डोस' वाचून लोक औषध समजतील, म्हणून 'क्ष-किरणांची मात्रा' म्हणा. वाक्य असं करता येईल: 'क्ष-किरणांची मात्रा कमी ठेवल्याने चित्र थोडं दाणेदार येतं, पण फुप्फुसातली गाठ किंवा मूतखडा दिसायला ते सहसा पुरतं.'