जर्मनीतल्या उन्हाळी भाषावर्गाला मुलीला पाठवताना महाविद्यालयाचे कोणते नियम पाहावेत?

आपली मुलगी पुण्यात बी.ए. जर्मनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ऑगस्टमधील चार आठवड्यांच्या भाषावर्गासाठी तिची निवड झाली आहे, आणि महाविद्यालय ‘आमचे याबाबत काही धोरण नाही, आपल्या जबाबदारीवर पाठवा’ असे म्हणते, असे आपण लिहिले आहे. कोणते नियम पाहावेत आणि एवढा खर्च करावा का, हे आपले दोन प्रश्न आहेत. ‘आपल्या जबाबदारीवर’ हे शब्द मी 2014 साली जसेच्या तसे ऐकले होते आणि त्यांची किंमत एक शैक्षणिक वर्ष मोजून चुकती केली होती, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

हे वर्ग ‘उन्हाळी’ असतात ते त्यांच्या उन्हाळ्यात. जर्मन विद्यापीठांतले उन्हाळी सत्राचे तास जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. मग वर्गखोल्या आणि वसतिगृहे रिकामी होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषावर्ग भरतात. आपली सुट्टी एप्रिल-मेमध्ये संपलेली असते आणि ऑगस्टमध्ये इथे पहिले सत्र ऐन भरात असते. महाविद्यालयातील लोक ‘समर कोर्स’ हा शब्द ऐकून सुट्टीतला उद्योग समजतात आणि मान डोलावतात. हजेरीचा हिशोब त्या वेळी कोणीच करत नाही. तो आपण करावा. सत्राचे कामाचे दिवस साधारण 90 धरले, तर परीक्षेला बसण्यासाठी लागणाऱ्या 75 टक्के हजेरीचे 68 दिवस भरावे लागतात. चार आठवड्यांचे, आठवड्याला सहा याप्रमाणे, 24 दिवस गेले की उरतात 66. म्हणजे मुलगी बाकीच्या सत्रात एकही दिवस आजारी पडली नाही, तरी दोन दिवस कमीच पडतात. मधल्या सुट्ट्यांमुळे एखादा-दुसरा दिवस वाचतो, पण प्रवास आणि व्हिसा मिळून तो खाऊन टाकतात.

माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सत्रात होते. वर्ग 4 ऑगस्टला सुरू होऊन 29 ऑगस्टला संपला. शेवटच्या दिवशी आम्हाला प्रमाणपत्रे मिळत होती आणि इथे घरी गणपती बसत होते. त्या चार आठवड्यांतले 22 दिवस, जाण्यापूर्वीचे दोन आणि व्हिसासाठी मुंबईला गेलेला एक, असे 25 दिवस माझ्या नावावर गैरहजेरी लागली. 90 मधून 25 गेले, 65 उरले आणि हवे होते 68. ऑक्टोबरमध्ये सूचनाफलकावर डिफॉल्टर यादी, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची यादी, लागली. तिच्यात माझे नाव होते आणि त्यापुढे ‘टर्म ग्रँट नाही’, म्हणजे सत्र मान्य नाही, असा शेरा होता. परीक्षेचा अर्ज अडला आणि ते सत्र मला पुढच्या जुलैत पुन्हा करावे लागले.

मी न सांगता गेले होते असे कोणाला वाटू नये. विभागप्रमुखांना मी जूनमध्येच भेटले होते आणि ते मनापासून आनंदले होते. ‘जा, चांगली संधी आहे, हजेरीचे नंतर बघू,’ असे ते म्हणाले. माझा मोठा भाऊ पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे. त्याने त्याच रात्री जेवताना विचारले, ‘अर्ज दिलास का? पोच घेतलीस का?’ मी म्हणाले की, सर स्वतः हो म्हणाले आहेत, आता त्यांच्याकडे कागद मागणे बरे दिसणार नाही. त्यावर तो म्हणाला, ‘पोच नसेल तर अर्जच नाही.’ मला ते कारकुनी बोलणे वाटले. जुलैअखेर सरांची बदली संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या मॅडमना ‘नंतर बघू’ या आश्वासनाचा पत्ताच नव्हता.

माझ्याकडे एक कागद मात्र होता, आणि खरा वाद त्याच्यावरून झाला. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या अल्पकालीन व्हिसाच्या, अर्जाला विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाचे ना हरकत पत्र जोडावे लागते. ते मला मिळाले होते. त्यावर 4 ते 29 ऑगस्ट अशा तारखा होत्या, जावक क्रमांक होता, प्राचार्यांची सही-शिक्का होता. ते पत्र घेऊन मी कार्यालयात गेले आणि म्हणाले की, या दिवसांत मी जर्मनीत असणार हे आपल्याला ठाऊक होते, आपण तसे लिहून दिले आहे. कार्यालयीन अधीक्षकांनी चष्मा वर करून पत्र दोनदा वाचले, टेबलावर सरळ ठेवले आणि शांतपणे सांगितले, ‘यात आमची हरकत नाही एवढेच म्हटले आहे. हजेरी देऊ असे कुठे म्हटले आहे?’ मी पुन्हा वाचले. खरोखरच कुठे म्हटलेले नव्हते.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, नियमपुस्तिका चाळण्यात वेळ घालवण्यापेक्षा मुलीने निघण्यापूर्वी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा, आणि ना हरकत पत्राव्यतिरिक्त तीन बाबी लेखी मागाव्यात: त्या काळातील गैरहजेरी शैक्षणिक कामासाठीची रजा धरली जाईल, त्या दिवसांतल्या अंतर्गत परीक्षा आणि प्रात्यक्षिके पुढे घेतली जातील, आणि तिथले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, इथल्या कोणत्या विषयापोटी, किती, धरले जातील किंवा धरले जाणार नाहीत. नकार आला तरी तो लेखीच घ्यावा. अर्जाची प्रत आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. ‘धोरण नाही’ असे म्हणणाऱ्या महाविद्यालयात अडचण आली की हजेरीचा जुना नियम लागू होतो, आणि तो कोणा व्यक्तीने लावलेला नसल्यामुळे भांडायलाही कोणी सापडत नाही.

क्रेडिटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे फार गोंधळ असतो. माझ्या प्रमाणपत्रावर 80 तासिका आणि 4 युरोपीय क्रेडिट अशी नोंद होती. त्यांची तासिका 45 मिनिटांची असते, म्हणजे 80 तासिकांचे घड्याळी तास 60 होतात. आपल्याकडे 15 तासांच्या अध्यापनाला एक क्रेडिट धरतात, त्या हिशोबानेही ते चारच येतात. युरोपीय क्रेडिटमध्ये मात्र घरचा अभ्यासही मोजलेला असतो आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास धरले जातात. दोन्ही रीतींनी आकडा एकच येत असल्याने मी फार आशेने गेले होते. उत्तर मिळाले की, या विषयाचा कोड आपल्या अभ्यासक्रमात नाही. हल्ली ‘एबीसी’चे, म्हणजे 2021 पासूनच्या क्रेडिट बँकेचे नाव सांगून पालकांना आश्वस्त केले जाते, परंतु तिच्यात क्रेडिट भरते ती नोंदणी झालेली इथली संस्था, जर्मन विद्यापीठ तिथे परस्पर काही जमा करत नाही. परदेशी विद्यापीठांशी सहकार्याचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2022 चे नियम आहेत, पण ते ट्विनिंग (काही शिक्षण इथे, काही तिथे), संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी आहेत. एकटी मुलगी चार आठवडे जाऊन येते, तिची सोय त्यांत नाही. तिची सोय तिच्या महाविद्यालयाने करायची असते, आणि ती आधी करायची असते.

हे अशक्य काम नाही, हे मी पुण्यातच पाहिले आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठी वर्गासाठी अमेरिकेतले विद्यार्थी पुण्यात येतात आणि काही जण मराठी कुटुंबांत राहतात. माझ्या मावशीकडे अशी एक मुलगी राहिली होती. तिच्या फायलीत तिच्या विद्यापीठाने ती निघण्यापूर्वीच सही केलेला कागद होता: पुण्यातल्या मराठीचे इतके क्रेडिट तुझ्या पदवीत असे मोजले जातील. विम्याचे पत्र होते, रात्री-अपरात्री फोन करण्याचा क्रमांक होता, मध्येच परत यावे लागले तर किती शुल्क परत मिळेल याचा तक्ता होता. मावशी कौतुकाने म्हणाली, ‘लग्नाच्या याद्यासुद्धा आपण इतक्या नीट करत नाही.’ मला कौतुकापेक्षा राग जास्त आला. आपल्या गावात येऊन आपली भाषा शिकणाऱ्या मुलीचा इतका विचार होतो, आणि आपल्या गावातून जाणाऱ्या मुलीला ‘आपल्या जबाबदारीवर’ म्हणून मोकळे केले जाते.

तिथल्या विद्यापीठाच्या नियमांविषयी थोडक्यात सांगते, कारण ते बहुधा स्पष्ट छापलेले असतात: किती टक्के उपस्थितीवर प्रमाणपत्र मिळते, कोणत्या तारखेनंतर शुल्क परत मिळत नाही, आणि वसतिगृहाची अनामत कशी परत मिळते. व्हिसासाठीच्या विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे हवे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. परंतु त्या 15 दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये.

एका नियमाची मात्र मी उघड बाजू घेते, तो म्हणजे शिकायची भाषा सोडून दुसरी न बोलण्याचा. अमेरिकेत मिडलबरी येथे 1915 पासून उन्हाळी भाषाशाळा चालतात आणि तिथे विद्यार्थ्यांना तशी लेखी प्रतिज्ञा करावी लागते. पालकांना हे अमानुष वाटते. आमच्या वर्गाला असा नियम नव्हता, आणि वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर आम्ही तिघी मराठी मुली होतो. पहिला आठवडा आम्ही सकाळच्या तासांपुरते जर्मन बोललो आणि बाकी दिवसभर मराठीत जर्मनांविषयी बोललो. त्या आठवड्यात मी चहाचा चोथा चुकून पिवळ्या पिशवीत टाकला. पिवळी पिशवी प्लास्टिक आणि पत्र्याच्या वेष्टनांची असते, चोथा तपकिरी डब्यात जातो. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने ती पिशवी उघडून माझ्यासमोर धरली आणि दोन मिनिटे जे काही सुनावले, त्यातले मला ‘पिवळी’ आणि ‘नाही’ एवढेच कळले. व्याकरणात मी वर्गात पहिली येत असे, आणि त्या जिन्यात मला ‘माफ करा, मला ठाऊक नव्हते’ हे एक वाक्य जुळवता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही जॅमची रिकामी बरणी टेबलावर ठेवली: रात्री आठपूर्वी मराठी शब्द निघाला की 50 सेंट. पहिल्या तीन दिवसांत बरणी अर्धी भरली, चौथ्या आठवड्यात तिच्यात जेमतेम दोन नाणी पडली. त्याच चौथ्या आठवड्यात मजल्यावर नव्याने आलेल्या एका मुलीला कचऱ्याचे डबे मी समजावून सांगत होते आणि मागे तोच व्यवस्थापक उभा राहून ऐकत होता. तो फक्त म्हणाला, ‘काचेचे सांगायचे राहिले.’ मला ते पूर्ण कळले आणि मी उत्तरही दिले.

आता खर्चाचा प्रश्न. माझा भाऊ आजही चारचौघांत म्हणतो की, हिने चार आठवड्यांच्या सहलीपायी एक वर्ष घालवले. बाबांनी मुदत ठेव मोडली होती, त्यामुळे त्याचे लागणे मी समजू शकते. वर्ष गेले, हे खरे आहे. पण ते जर्मनीने घेतले नाही. न मागितलेल्या एका कागदाने घेतले, आणि तो कागद मागायला त्यानेच सांगितले होते, हे मी इथे लेखी मान्य करते. सहल हा शब्द मात्र मला मान्य नाही. त्या वाया गेलेल्या म्हणतात त्या वर्षात मी एका भाषांतर कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे काम धरले, आणि मुलाखतीत फोनवरच्या जर्मन माणसाचे बोलणे मला कळत होते म्हणून ते मिळाले. आज अकरा वर्षे त्याच भाषेवर माझे घर चालते. गेल्या वर्षी दादाच्याच मुलीला जपानी भाषेच्या उन्हाळी वर्गाला जायचे होते, तेव्हा महाविद्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा त्याने माझ्याकडून मागवून घेतला. त्यात त्याने एकच दुरुस्ती केली: शेवटी ‘पोच मिळावी’ असे घातले. त्याला सहलीबद्दल मी त्या वेळी विचारले नाही, ते इथे विचारते.

त्यामुळे मुलीचे जर्मन निदान बी-1 पातळीचे, म्हणजे रोजच्या व्यवहारात स्वतः निभावून नेण्याइतके, असेल तर पाठवावे. त्याहून कच्चे असेल तर तेवढ्याच पैशांत इथे वर्षभर चांगला वर्ग होतो, आणि मग जावे. शिष्यवृत्ती अर्धवट असेल तर वसतिगृह, विमा आणि विमानप्रवास कोणाच्या वाट्याला आहेत हे आधी विचारावे. माझा अनुभव पदव्युत्तर वर्गाचा आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा व्हिसाचे शुल्क 60 युरो होते, 2024 च्या जूनपासून ते 90 झाले आहे. आपल्या महाविद्यालयात हजेरीची सूट देण्याचे अधिकार प्राचार्यांना कितपत आहेत, तेही विचारून घ्यावे. काही ठिकाणी विद्यापीठापर्यंत जावे लागते आणि त्यासाठी जूनमध्येच धावपळ करावी लागते.

आणि दातांचे काही काम राहिले असेल तर ते इथेच उरकून घ्यावे. प्रवासविमा बहुधा ऐन वेळी उठलेली कळ थांबवण्यापुरतेच पैसे देतो. आमच्यातल्या एकीची दाढ दुसऱ्या आठवड्यात दुखायला लागली, तिला तात्पुरते सिमेंट भरून मिळाले, आणि उरलेले सगळे दिवस ती डाव्या बाजूनेच जेवली.