कोश कुणाचा?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मराठी विकिपीडियावरचा तुझ्या गावच्या बारवेचा लेख कुणीतरी निम्मा कापला म्हणून तू चिडलास, आणि त्या भरात विचारलंस, ‘हे बिनपगारी काम मी करतोय तरी कुणासाठी?’ चिडून विचारला असलास तरी प्रश्न खरा आहे.

ज्ञान सर्वांचं व्हावं म्हणून पहिलं संपादन करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणी गावासाठी येतो, कुणी क्रिकेटच्या आकड्यांसाठी, कुणाला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं बघवत नाही. तू बारवेसाठी आलास. ‘मला या मुक्त ज्ञानाच्या चळवळीबद्दल फारसं काही वाटत नाही’ असं तू लिहिलंस, तेही मला खटकलं नाही. पण तिथेच थांबू नकोस. आपण जिथे राबतो ती जागा कुणाच्या ताब्यात आहे, हे न बघणाऱ्यांचं काय होतं ते आधी घडून गेलेलं आहे.

१९९० च्या दशकात असंख्य लोकांनी आपल्याकडच्या सीडींवरच्या गाण्यांची नावं हाताने टाइप करून सीडीडीबी नावाची सूची भरली. संगणकात सीडी घातली की गाण्यांची नावं दिसायची ती त्यांच्या मेहनतीमुळे. पुढे ती सूची एका कंपनीकडे गेली, ग्रेसनोट झाली, वापरावर अटी आल्या. २००८ साली सोनीने ग्रेसनोट २६ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा टाइप करणाऱ्यांना कुणी विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

आता स्पॅनिश विकिपीडियाकडे बघ. २००२ च्या फेब्रुवारीत विकिपीडिया जेमतेम वर्षाचा होता. सर्व्हर आणि खर्च बोमिस या कंपनीचा, म्हणजे विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांच्या कंपनीचा. पैशांची चणचण भासू लागली तेव्हा विकिपीडियाचे दुसरे संस्थापक लॅरी सँगर यांनी पानांवर जाहिराती येऊ शकतील असं बोलून दाखवलं. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना ते मान्य झालं नाही. मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येईल अशा अटींवर, असल्यामुळे तो सोबत नेण्याचा हक्क त्यांना होता. तो घेऊन ते बाहेर पडले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ हा वेगळा कोश उभा केला. मागे राहिलेला स्पॅनिश विकिपीडिया बराच काळ जवळजवळ ओस पडला. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता ‘डॉट कॉम’वरून ‘डॉट ऑर्ग’वर गेला. जून २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि जाहिराती आजपर्यंत आलेल्या नाहीत. याला इतरही कारणं होती, पण निघून गेलेल्या त्या लोकांचा वाटा मी मोठा मानतो.

त्यांच्या हातात ना पैसा होता ना सर्व्हर. होता तो परवाना, आणि ‘हे आमचं आहे’ ही जाणीव. नुसत्या परवान्याने काही घडलं नसतं, तो वापरायची कुणाला तरी तळमळ असावी लागते. हे आपलेपण संस्थेवरच्या निष्ठेहून वेगळं आहे, हेही त्यातून दिसतं. ते लोक संस्थेला सोडून गेले आणि मजकुराला धरून राहिले. २००६ साली विकिट्रॅव्हल हे स्वयंसेवकांनी लिहिलेलं प्रवासमार्गदर्शक संकेतस्थळ एका कंपनीला विकलं गेलं, तेव्हा जर्मन स्वयंसेवकांनीही हेच केलं. आजचं विकिव्हॉयेज त्यातून आलं.

तू असंही विचारलंस की मोठ्या कंपन्या आपलं लिखाण उचलून त्यावर पैसे कमावतात, त्याचं काय? परवाना व्यापारी वापराला मनाई करत नाही. श्रेय द्यावं आणि बदललेला मजकूर त्याच अटींवर खुला ठेवावा, एवढंच तो मागतो. श्रेय न देता कुणी नेलं की मलाही राग येतो. पण त्यावर दार बंद करणं हा उपाय मला पटत नाही, कारण तेच दार एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीसाठीही बंद होईल. श्रेयासाठी मात्र भांडावं, आणि मोठ्याने भांडावं.

गायरानात गुरं सगळेच सोडतात, पण कुणी अतिक्रमण केलं की अर्ज घेऊन तहसीलला जाणारे मोजकेच असतात. तू त्या मोजक्यांत यावंस असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी स्वतःच्या लेखातून थोडा बाहेर पड. विकिपीडियावरचं ‘अलीकडील बदल’ हे पान उघडून रोज पाच-दहा मिनिटं बघ. जिथे तू कधी जाणार नाहीस अशा एखाद्या गावाच्या पानावर कुणी शिव्या लिहून ठेवलेल्या दिसतील, त्या काढ. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, चाललेल्या चर्चा वाच, पटलं नाही तर तसं लिही. दुसऱ्याचं पान सांभाळायला लागलास की ‘माझा लेख’ ही भावना आपोआप सैल होते, असा माझा अनुभव आहे.

आणि बारवेचं. कापणाऱ्याने चर्चापानावर संदर्भ मागितला आहे, ती मागणी रास्त आहे. आधी त्याला तिथे उत्तर दे. कापलेला मजकूर लेखाच्या ‘इतिहास’मध्ये, जुन्या आवृत्त्यांत, जसाच्या तसा आहे. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये बारवेची नोंद सापडते का बघ. सापडली तर पृष्ठ क्रमांक देऊन तेवढा भाग परत घाल, आणि आजोबांकडून ऐकलेली बांधकामाची कथा आधार मिळेपर्यंत बाहेर ठेव. फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवताना परवान्याच्या अटी नीट वाच, एकदा दिलेला हक्क परत घेता येत नाही.

कळावे.

तुझा,
काका