कंपोस्टचा अर्क भाजीच्या पानांवर मारू नका

प्रश्न (मोहोळ तालुका): अर्धा एकर कोथिंबीर-मेथी आहे. कंपोस्ट पाण्यात भिजवून काढलेल्या अर्कात गूळ घालून दोन दिवस मुरवतो आणि पंपाने पानांवर मारतो. काढणीआधी आठ दिवस बंद करतो. मागच्या खेपेला फवारणाऱ्या गड्याला जुलाब लागले. दुकानदार म्हणतो, जैविक आहे, काही होत नाही. गूळ उलट दुप्पट घाला.

उत्तर: फवारणी आजच थांबवा. जुलाब अर्कामुळेच लागले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण गड्याला एक विचारा: नोझल तुंबल्यावर त्यानं ते तोंडाने फुंकलं का? दहा शेतांत गेलो तर आठ ठिकाणी हेच दिसतं. आणि मग त्याच हातानं तंबाखू मळायची!

गुळानं उपयोगी जिवाणू वाढतात, खरं आहे. पण शेणातल्या ई. कोलाय आणि साल्मोनेलालाही तोच गूळ गोड लागतो. खत अर्धकच्चं असेल तर दुप्पट गूळ म्हणजे रोगजंतूंना दुप्पट जेवण. दुकानदाराला ढेप विकायची असते, कोथिंबीर कच्ची खाणारा तुमच्या घरातला असतो.

अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात जमिनीला टेकणाऱ्या पिकाला कच्चं शेणखत घातलं, तर काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. तुमची कोथिंबीर दीड महिन्यात बाजारात जाते. म्हणजे 'काढणीआधी आठ दिवस बंद करतो' या हिशेबाला काही अर्थ नाही. पालेभाजी, काकडी, गाजर, स्ट्रॉबेरी यांच्या खायच्या भागावर अर्क नकोच. जीवामृतालाही (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवलेलं द्रावण) हेच लागू.

मग करायचं काय? मुळाशी द्या. मी हेच सांगत आलोय, हेच सांगणार. पालेभाजीला तेही पेरणीआधी वाफ्यात, उभ्या पिकात नाही. फळबागेला गाळून ठिबकनं. गूळ घालू नका. ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर १५ दिवस तापलेला आणि या काळात पाच वेळा पालटलेला हवा; आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवत नाही एवढी तापली पाहिजे. अर्क विहिरीच्या किंवा बोअरच्या स्वच्छ पाण्यात, एका दिवसात वापरायचा. घाण वास आला तर ओतून टाका. वास नाही म्हणून निर्धोक, असंही नाही.

ढवळताना नि ओतताना तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. बारीक तुषार नाकात जातात. मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट. वारं पाठीवर घ्या. हाताला चीर असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या; शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, इंजेक्शन घेतलेलं असावं. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात दुपारी हा उद्योग करू नका, घामानं मास्क आधी उतरतो.

प्रश्न (सांगोला): डाळिंबावर तेल्यासाठी (जिवाणूंमुळे पडणारे तेलकट डाग) कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि हा अर्क एकाच टाकीत मारू का? दुकानदारानं सांगितलंय.

उत्तर: नाही. कॉपर जिवाणू मारायलाच मारतो आपण, मग अर्कातले जिवाणू जगतील कसे? दोन्हीचे पैसे पाण्यात. अर्कानं तेल्या बरा होत नाही. रोगट फांद्या काढून जाळा, आणि सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकानं चला. शिवाय ज्या पंपातनं २,४-डी हे तणनाशक मारलं, तो पंप कितीही धुतला तरी बागेत नेऊ नका.

काहींनी गांडूळ खत युनिटच्या अनुदानाचं विचारलंय; ते महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर बघा, बाकी सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) सांगतील. अनुदान येईपर्यंत शेजाऱ्याकडचं मुरलेलं खत विकत घ्या, पण ढिगात हात घालून गरम आहे का बघून. अजून गरम असेल तर परत महिन्यानं जा.