एफडी मोडून ग्रँटच्या मागं लागू का?

किनवट तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरच्या एका भावाचा प्रश्न आलाय. वय ३३, नांदेडात एका स्टुडिओत एडिटिंग करतात, पगार १४,०००, शिवाय लग्नसराईत स्वतःच्या शूटिंगच्या वर्षाला पंचवीसेक ऑर्डरी, दिवसाचे ४,००० मिळतात. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांची होळीची लेंगी गीतं आणि लग्नातली ढावलो गाणी रेकॉर्ड करून ठेवायचीत, त्यासाठी ग्रँट पाहिजे. बँकेत ३ लाखांची एफडी आहे, मुदत संपायला ७ महिने. ती मोडून १ लाख ९० हजारांचा कॅमेरा घ्यावा, अर्ज लिहून देणाऱ्या एजंटला ४०,००० द्यावेत आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यातच उतरावं का, असं विचारलंय. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही राहिलंय.

भाऊ, काम करायचंच, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, कारण ही गाणी ज्यांच्या तोंडी आहेत त्या आज्या किती दिवस राहणार? पण एफडी मोडू नका आणि नोकरी तर आत्ता अजिबात सोडू नका.

आधी साधा हिशोब बघा. कॅमेरा आणि एजंट मिळून २ लाख ३० हजार गेले, हातात राहिले ७० हजार. तुमच्या घराचा खर्च महिन्याला १८,०००, म्हणजे चार महिनेसुद्धा निघत नाहीत, आणि तोपर्यंत अर्जाचा रिझल्टही लागलेला नसणार. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप तुमच्या वयाला बसते, २५ ते ४० वर्षांसाठी आहे, महिन्याला १०,००० दोन वर्षं, पण ते दर महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांत येतात आणि पुढचा हप्ता तुमच्या कामाच्या रिपोर्टवर असतो. निवड व्हायला कधी कधी वर्ष उलटून जातं. आता १४,००० ची नोकरी सोडून १०,००० ची फेलोशिप, तीही मिळाली तर! म्हणजे नशीब फळलं तरी महिन्याला ४,००० कमीच पडणार.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच दिसली नाही. ढावलो लग्नात होतात आणि लग्नं म्हणजेच तुमच्या कमाईचे दिवस. एप्रिल-मेमधले १५ दिवस तांड्यांवर रेकॉर्डिंगला दिले तर १५ गुणिले ४,०००, साठ हजार बुडाले. फेलोशिपचा सहा महिन्यांचा हप्ताही बरोबर साठ हजारच होतो, म्हणजे तो सगळा तिथंच जिरला, प्रवास, जेवण, गाणाऱ्या बायकांचं मानधन अजून बाकीच. म्हणून कुठल्याही ग्रँटचं बजेट करताना स्वतःची मजुरी पहिल्या ओळीत लिहा. आपल्याकडचे कलाकार हे लिहायला लाजतात, गाडीभाडं लिहितात, चहापाणी लिहितात आणि स्वतःचे दिवस फुकट धरतात, मग काम अर्ध्यात सुटतं. नियमात मजुरी बसत नसेल तर ती रक्कम कुठून येणार हे आधीच ठरवा.

एजंटचं म्हणाल तर माझा स्पष्ट नकार आहे. त्याने वर ग्रँटमधले १० टक्के मागितलेत, ते बजेटमध्ये कोणत्या नावाने दाखवणार? खोटी बिलं जोडावी लागतील आणि पैसा कसा वापरला याच्या सर्टिफिकेटवर सही तुमची असणार. तो म्हणतो ट्रस्ट काढू, मोठी ग्रँट मिळेल. मंत्रालयाच्या कार्यक्रम आणि निर्मितीच्या ग्रँटला संस्था किमान तीन वर्षं चाललेली लागते, वर खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, उरलेले तुम्हीच उभे करायचे आणि मंजूर रकमेतलाही शेवटचा २५ टक्क्यांचा हप्ता काम झाल्यावर. आजच्या तुमच्या परिस्थितीत ते झेपणारं नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही कलेच्या कामाला ग्रँट देणारी संस्था मात्र बघाच, तिथं एकट्या माणसाला अर्ज करता येतो आणि कुठल्याही भारतीय भाषेत करता येतो, मग मराठीत लिहा ना, तुमचं पत्रच इतकं चांगलं आहे.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा ३०,००० च्या वर एक रुपया घातला नसता. गाण्यांसाठी आधी आवाज चांगला पाहिजे, तेव्हा रेकॉर्डर आणि माईक भाड्याने घ्या किंवा जुने बघा, व्हिडिओला स्टुडिओचाच कॅमेरा मालकाला विचारून न्या. येत्या होळीला आपल्याच तांड्यावर आठ-दहा बायकांची लेंगी घ्या, प्रत्येकीची परवानगी कागदावर, नाही तर कॅमेऱ्यावर घ्या, आणि हातात थोडेफार पैसे द्या. त्यातून पाच-सात मिनिटांचा नमुना काढा, गोरमाटी म्हणजे बंजारा बोलीतले शब्द आणि खाली मराठी अर्थ. अर्ज वाचणाऱ्याला लांबलचक प्रस्तावापेक्षा हे ऐकून जास्त कळतं.

तोपर्यंत कागद नीट करा. आधार, पॅन आणि पासबुकवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, यात फार जणांचे पैसे अडकतात. शूटिंगचे पैसे रोख न घेता खात्यावर घ्या, टॅक्स बसत नसला तरी रिटर्न भरा, कुठं टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स, कापला गेला तर तो रिटर्न भरूनच परत मिळतो. आणि या कामासाठी खातं वेगळं उघडा.

हे ३०,००० पण एफडी मोडून नको. त्याच एफडीवर बँक कर्ज देते, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण १-२ टक्के जास्त, सात महिन्यांत ऑर्डरींच्या पैशातून फिटेल. मुदत संपली की ३ लाखांची एकच एफडी परत करू नका, लाख-लाखाच्या तीन करा, पुढं गरज पडली तर एकच मोडावी लागेल. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत मात्र ठेवू नका, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

आईचं ऑपरेशन सगळ्यांत आधी उरका. त्याही लेंगी म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, मग पहिलं रेकॉर्डिंग त्यांचंच करा.