व्याख्याने झाली, आता वर्ग भरवा

प्रश्न : पुण्याजवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी उभारलेल्या वसाहतीत आम्ही राहतो आणि तेथील सांस्कृतिक समितीचे काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी आम्ही इतिहास, संस्कृत आणि मोडी लिपी असे तीन वर्ग सुरू केले. पहिल्या दिवशी सभागृह भरते, महिनाभरात जेमतेम सात-आठ जण उरतात. वयामुळे लोकांना झेपत नाही, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?
— समिती सदस्य, पुणे जिल्हा

उत्तर : वयाचा भाग आहे, पण व्यवस्थापनाला वाटतो तिथे तो नाही. उतारवयात नवी माहिती ग्रहण करण्याचा वेग मंदावतो आणि नावे ऐनवेळी आठवत नाहीत, हे खरे. मात्र शब्दसंपत्ती आणि आयुष्यभर साठलेले ज्ञान सत्तरीतही बऱ्याच अंशी टिकून असते, आणि आपण निवडलेल्या तिन्ही विषयांना नेमका त्याचाच उपयोग अधिक आहे. आपल्या पत्रावरून माझा असा समज झाला आहे की, समितीने वर्ग जाहीर केले आणि प्रत्यक्षात व्याख्याने भरवली. व्याख्यान ऐकण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. व्याख्यानाला आलेल्या श्रोत्यावर कसलेही बंधन नसते, एखादे चुकले तरी बिघडत नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. वर्गाला जाणाऱ्याकडे मात्र पुढच्या बैठकीसाठी काही काम असावे लागते, आणि तो आला नाही तर कोणाचे तरी अडावे लागते. ज्याच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तो माणूस दुसऱ्या आठवड्यात दूरचित्रवाणीसमोर बसून राहिला तर त्याला दोष देता येत नाही.

यासंबंधी परदेशात दोन वेगळे मार्ग चोखाळले गेले आहेत. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये पिएर वेला यांनी निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले, ते तेथील विद्यापीठाच्या आधाराने. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना उचलली, तेव्हा त्यांनी विद्यापीठाचा आधार सोडून दिला. सभासदांनीच एकमेकांना शिकवायचे, प्रवेशासाठी पात्रतेची अट नाही, परीक्षा नाही आणि पदवीही नाही, असे त्यांच्या योजनेचे स्वरूप होते. आपल्या वसाहतीला हा दुसरा मार्ग अधिक मानवेल. निवृत्त भूमापक, परिचारिका, शिक्षक, बँक अधिकारी अशी माणसे तेथे शेजारी-शेजारी राहत असतील, आणि त्यांना आपापल्या विषयाबद्दल कोणी विचारले नसेल. (निवृत्त प्राध्यापकांच्या बाबतीत मात्र थोडी सावधगिरी बाळगावी. त्यांना थांबवण्याचे काम कोणाकडे तरी आधीच सोपवून ठेवावे.)

मोडीच्या वर्गापासून पुन्हा सुरुवात करावी, असे मी सुचवीन. अनेक घरांत पणजोबांच्या वेळची खरेदीखते आणि कर्जरोखे पडून आहेत, आणि ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जात असल्याने नव्वदीकडे झुकलेल्या एखाद्या रहिवाशाला ती आजही थोडीफार येत असण्याची शक्यता आहे. तशी व्यक्ती सापडली तर वर्ग तिच्याच हाती द्यावा. पहिले तीन-चार आठवडे अक्षरओळखीत जातील. आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जायची, ही पद्धत एकदा बोटांत बसली की लिहिणे फारसे अवघड राहत नाही. खरी कसोटी वाचनाची आहे, कारण मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, शब्दही बहुधा सलग लिहिलेले असतात, आणि त्यामुळे पुष्कळसे संदर्भावरून ओळखावे लागते. ज्याने लहानपणी पायली, बिघा, बलुते, कूळ हे शब्द घरात ऐकले आहेत, तो येथे विशीतल्या विद्यार्थ्याच्या पुढे असतो. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका कागदाची मोठी झेरॉक्स आणावी आणि पुढच्या बैठकीत त्यातल्या चार ओळी सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात. ‘इसन्ने’ (दोन), ‘सलास’ (तीन) अशा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेली सालगणना आली की वर्ग आपोआप इतिहासाकडे वळतो, आणि इतिहासाचा वर्ग स्वतंत्र चालवण्याची गरज काही काळ उरत नाही.

वर्गातली माणसे गळण्याचे दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. वयोमानानुसार श्रवणशक्ती कमी होताना उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. दोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारल्यानंतर माणूस तिसऱ्यांदा विचारीत नाही आणि पुढच्या वेळी येतही नाही. घुमणाऱ्या सभागृहात ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवल्याने हा त्रास बहुधा वाढतोच. म्हणून लहान खोली घ्यावी, एका टेबलाभोवती बसावे, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी व्यवस्था करावी. बैठक पाऊण तासाने थांबवून मध्यंतर द्यावे, कारण रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्याहून अधिक वेळ बसणे कठीण जाते. एवढे केल्यावरही दहा-बाराच जण टिकले, तर ती पुरेशी संख्या आहे. व्यवस्थापनाला भरलेले सभागृह हवे असेल, तर त्याने भावगीतांचा कार्यक्रम ठेवावा.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. लग्नामुळे बी. ए. चे शिक्षण दुसऱ्या वर्षातच थांबले. आमच्या वसाहतीत छंदवर्ग पुष्कळ आहेत, पण मला पदवी हवी आहे. आता प्रवेश मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल. आपल्याच शहरात मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी कमाल वयाची अट नाही. जुन्या वर्षांचे गुण धरले जातात का, हे अभ्यासकेंद्रात अवश्य विचारावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये; पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल असे गृहीत धरून मनाची तयारी करावी. अडचण बहुधा कागदपत्रांची येते, कारण गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे नाव असते. विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवावे. अभ्यासाची सवय मोडली असल्यास ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरचा एखादा अभ्यासक्रम आधी करून पाहावा. शिकणे विनाशुल्क असते, प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्याला तेवढे शुल्क भरावे लागते.

प्रश्न : माझे आईवडील अमेरिकेत बॉस्टनजवळ निवृत्तांच्या एका वसाहतीत राहण्याचा विचार करीत आहेत. तेथे रहिवाशांना दरवर्षी ४५० तास शिकण्याची अट आहे. या वयात अशी सक्ती योग्य आहे का? आई शास्त्रीय संगीताची शिक्षिका होती, पण इंग्रजीतून चर्चा करण्याचा तिला संकोच वाटतो.
— एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : न्यूटनमधील लसेल व्हिलेज या २००० साली सुरू झालेल्या वसाहतीत अशी अट आहे, आणि तिला सक्ती म्हणणे मला तितकेसे पटत नाही. ती प्रवेशापूर्वीच सांगितली जाते, त्यामुळे ज्यांना शिकण्याची आवड आहे तेच तेथे जातात. ४५० तास म्हणजे आठवड्याला नऊ तासांहून थोडे कमी. शिवाय त्यांत केवळ वर्गातले तास मोजले जात नाहीत, व्यायामासारखे उपक्रमही धरले जातात. करारावर सही करण्यापूर्वी आईवडिलांनी तेथील दोन-तीन वर्गांत प्रत्यक्ष बसावे आणि दीर्घ आजारपणात या अटीचे काय होते, ते लेखी विचारून घ्यावे. आईने संगीताचा वर्ग घेतला तर ते तास तिच्या खात्यात जमा होतील का, हेही त्याच वेळी विचारावे.