मोटर सुरू होताच आर्डुइनो रीसेट होतो: ड्रायव्हरच्या तारा कशा मांडाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, रोबोची दोन्ही चाके एकदम सुरू केली की आर्डुइनो उनो हा नियंत्रक बोर्ड रीसेट होतो (आपोआप पुन्हा सुरू होतो), एन्कोडरची, म्हणजे चाकाचे फिरणे पल्स मोजून सांगणाऱ्या सेन्सरची, मोजणी भलतीच येते, आणि प्रोग्रॅम तपासूनही दोष सापडत नाही. आपण दिलेल्या वर्णनानुसार १८६५० प्रकारच्या दोन लिथियम-आयन सेलची ऋण तार ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता तारा खोचून जोडण्याच्या पाटीच्या) पट्टीवर येते आणि तेथून आर्डुइनो, एन्कोडर व मोटरला प्रवाह पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर या तिघांना ग्राउंड, म्हणजे सामाईक ऋण जोड, मिळतो. माझ्या मते दोष याच पट्टीत आहे.

मोटरमधून गेलेला प्रवाह ग्राउंडमार्गेच बॅटरीकडे परततो, आणि वाटेतल्या प्रत्येक बारीक तारेवर व सैल जोडावर थोडा विद्युतदाब (व्होल्टेज) खर्ची पडतो. माझ्या लाइन फॉलोअरची (जमिनीवरील रेषेवरून चालणाऱ्या रोबोची) मांडणी हुबेहूब अशीच होती. चाके हाताने घट्ट धरून मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी आर्डुइनोच्या ग्राउंडवर टेकवली, तेव्हा जिथे शून्य दिसायला हवे तिथे ०.३ व्होल्ट दिसले. वाटेतला रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी ३ अँपिअरला एवढा फरक पडतोच. शिवाय मोटरच्या आतील ब्रशच्या (फिरत्या भागाला प्रवाह देणाऱ्या घासत्या जोडांच्या) ठिणग्यांमुळे उठणारे क्षणिक झटके मल्टिमीटरला दिसतही नाहीत, एन्कोडरच्या तारेला मात्र ते खऱ्या पल्ससारखे भासतात.

म्हणून ड्रायव्हरचा ग्राउंड टर्मिनल हाच सर्वांचा एकमेव संगम ठेवावा. बॅटरीच्या दोन्ही तारा जाड व आखूड घेऊन थेट ड्रायव्हरच्या स्क्रूखाली कसाव्यात आणि त्याच टर्मिनलांवरून बक कन्व्हर्टर (दाब कमी करून देणारे मॉड्यूल) जोडून आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनला पुरवठा द्यावा. आर्डुइनोच्या व्हीआयएन (बाहेरून पुरवठा घेण्याच्या) पिनला किमान ७ व्होल्ट लागतात, आपल्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीचा दाब मोटर सुरू होताना त्याखाली उतरत असणार, आणि रीसेटचे कारण बहुधा तेच आहे. ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर, अगदी टर्मिनलांलगत, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावावा. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा. तो ब्रेडबोर्डवर नको, मोटरवरच हवा, कारण झटका जिथे उठतो तिथेच तो शमवायचा असतो.

मोटरच्या दोन तारांना एकमेकींचा पीळ द्यावा आणि त्या चासीच्या एका कडेने न्याव्यात. नियंत्रण-संकेतांच्या तारा, सोबत ग्राउंडची एक तार घेऊन, दुसऱ्या कडेने न्याव्यात. दोन्ही गट एकमेकांना ओलांडणे अटळच असेल, तर काटकोनात ओलांडू द्यावेत. ड्रायव्हरच्या ईएनए व ईएनबी (मोटर चालू-बंद करणाऱ्या) पिनांपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रोध जोडावा, म्हणजे आर्डुइनो सुरू होईपर्यंत, पिना अधांतरी असताना, चाके अचानक उसळणार नाहीत. रोबो टेबलावर ठेवून काम करणाऱ्याने तरी ही काळजी घ्यावीच.

एल२९८एन स्वतःच १ अँपिअरला सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे ७.४ व्होल्टवर मोटरच्या वाट्याला फार कमी उरते. आपल्या मोटरचा अडकलेल्या स्थितीतला प्रवाह १ अँपिअरच्या आत असेल, तर टीबी६६१२एफएनजी हा दुसरा, कमी दाब खाणारा ड्रायव्हर घेणे मला अधिक योग्य वाटते.

तारा बदलल्यावर एन्कोडर जोडण्याआधी चाके धरून पुन्हा मोजावे: आता ड्रायव्हरचा ग्राउंड आणि आर्डुइनोचा ग्राउंड यांमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत.